रॉड की वायर: शिडाच्या बोटीचं रिगिंग निवडताना

जुनी शिडाची बोट बघायला गेलेला पुणेकर इंजिन किती तास चाललंय ते विचारतो, शिडं उलगडून उन्हात धरतो, तळाला टकटक करून आवाज ऐकतो. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांच्या, म्हणजे रिगिंगच्या, खालच्या टोकांशी मात्र फार कुणी गुडघे टेकून बसत नाही. खरं तर पाहणी तिथूनच सुरू करायला हवी. डोलकाठी रॉडवर उभी आहे की वायरवर, ती टोकं शेवटची कधी उघडली होती, आणि आता बदलायची वेळ आली असेल तर काय घालायचं, हे तिथे ठरतं.

खडकवासल्याच्या पाण्यावर दिसणाऱ्या लहान डिंगींना हा प्रश्न पडत नाही. ऑप्टिमिस्ट आणि लेझरच्या डोलकाठीला तारा नसतातच. एंटरप्राइझसारख्या बोटीला अडीच-तीन मिलिमीटरची वायर पुरते आणि गोड्या पाण्यात ती बरीच वर्षं साथ देते. प्रश्न आहे तो पुण्यात राहून मुंबई बंदरात, मांडव्याला किंवा गोव्याला बोट ठेवणाऱ्यांचा. बोट साधारण २६ ते ४५ फुटी, कील (तळाची जड पाती) असलेली, कायम खाऱ्या पाण्यात. मालक सुट्टीच्या दिवशी घाट उतरून येणारा, आणि जूनच्या आधी बोट पाण्याबाहेर. खालचं सगळं याच मालकासाठी आहे.

हातात काय आहे ते ओळखा

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा म्हणजे श्राउड, पुढून धरणारी फोरस्टे, मागून धरणारी बॅकस्टे. यातली कुठलीही जवळून बघा. पीळ दिसला तर वायर. गुळगुळीत भरीव सळई दिसली तर रॉड.

बोटीवरची वायर बहुतेक वेळा १×१९ असते: मधोमध एक तार, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. धातू ३१६ प्रतीचं स्टेनलेस. पीळ आहे पण पृष्ठभाग जवळजवळ सपाट लागतो, अशी वायर मिळाली तर ती डायफॉर्म किंवा त्या जातीची दाबून घट्ट केलेली वायर आहे. तिच्या तारा गोल नसून एकमेकींत बसतील अशा आकाराच्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जाडीत जास्त धातू मावतो, ताकद साध्या १×१९ पेक्षा बऱ्यापैकी वाढते आणि भाराखाली ती थोडी कमी लांबते. ७×१९ ही मऊ, वाकणारी वायर शीड वर ओढण्यासाठी असते. ती फार ताणते, म्हणून श्राउडसाठी घ्यायची नाही.

रॉड बहुधा नायट्रॉनिक ५० या मिश्रधातूचा असतो. यात क्रोमियम, निकेल, मँगॅनीज आणि मॉलिब्डेनम असतं, आणि तो थंड अवस्थेतच ओढून बारीक केलेला असतो. त्याची ताकद या थंड ओढण्यातून आलेली आहे. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कारखान्याच्या दारात उभं राहिल्यावर याचाच उपयोग होणार आहे. रॉडचे आकार नेव्हटेक या रॉड बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकांनी ओळखले जातात, आणि क्रमांक म्हणजे ढोबळमानाने हजार पौंडांत तुटण्याचा भार. -४ म्हणजे ४.३७ मिमी जाडी आणि सुमारे २,१३० किलो. -६ म्हणजे ५.०३ मिमी, २,८६० किलो. -८ म्हणजे ५.७२ मिमी, ३,७२० किलो. -१० म्हणजे ६.३५ मिमी, ४,६७० किलो. -१२ म्हणजे ७.१४ मिमी, ५,६७० किलो. -१७ म्हणजे ८.३८ मिमी, ७,९४० किलो. शेजारी १×१९ वायरचे आकडे ठेवा: ५ मिमी सुमारे २,४०० किलो, ६ मिमी सुमारे ३,५००, ७ मिमी सुमारे ४,६००. वायरचे आकडे कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात. त्यामुळे खरेदीच्या वेळी त्याच वायरचं प्रमाणपत्र मागा.

जाडी डिजिटल व्हर्नियरनेच मोजा. टेप लावून ५.७२ आणि ६.३५ मधला फरक कळत नाही, आणि तेवढ्या फरकात जवळजवळ एक टनाची ताकद आहे.

फायदा नेमका किती?

रॉड वजनाला फार हलका असतो, असा एक समज आहे. समान ताकदीच्या रॉड आणि वायरचं मीटरमागे वजन बघितलं तर फारसा फरक निघत नाही. रॉड वाऱ्याला थोडा कमी अडतो हे खरं, पण त्याचा खरा गुण आहे तो न ताणण्याचा.

हिशेब सोपा आहे. तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ओढ दिली की १×१९ वायर दर दोन मीटरमागे १ मिमी लांबते. डायफॉर्म ०.९५ मिमी, रॉड ०.७ मिमी. आता दहा मीटर लांबीचा श्राउड आणि २० टक्के ओढ धरा. वायर २० मिमी लांबेल, रॉड १४ मिमी. सहा मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. डोलकाठीच्या माथ्यावर मात्र तो मोठा होतो, कारण श्राउड डोलकाठीशी लहान कोन करून उभा असतो, आणि श्राउड थोडा लांबला तरी माथा त्याच्या कितीतरी पट बाजूला झुकतो. माथा झुकला की फोरस्टे सैल पडते, पुढच्या शिडाला पोट सुटतं आणि वाऱ्याच्या तोंडाकडे चढताना बोटीची दिशा दोन-चार अंशांनी ढिली होते. शर्यतीत हे अंश जिंकण्या-हरण्याचे असतात. मांडव्याहून काशिदला सहलीला निघालेल्या बोटीत मात्र कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

म्हणून निवड फक्त ताणाच्या आकड्यावर करू नका. आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न हा आहे: या रिगिंगची टोकं दर काही वर्षांनी कोण उघडणार, कुठे उघडणार, आणि तिथपर्यंत ती नेणार कशी?

बिघडतं कुठे आणि का

वायर असो वा रॉड, मधल्या लांबीत सहसा काही होत नाही. सगळी दुखणी टोकांना.

वायरचं टोक बहुधा स्वेज केलेलं असतं, म्हणजे स्टेनलेसच्या नळीत वायर घालून नळी रोलरखाली दाबलेली. खालच्या स्वेजचं तोंड वर असतं. तारांमधून ओघळणारं खारं पाणी त्यात उतरतं आणि साचतं. स्टेनलेसचं स्टेनलेसपण त्यावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरावर टिकून असतं, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. स्वेजच्या आत ऑक्सिजन नाही, क्लोराइड भरपूर, त्यात आपल्या किनाऱ्याची ऊब. अशा फटीत धातू आतून पोखरला जातो, यालाच फटीतला गंज म्हणतात. थंड देशांच्या पुस्तकात वायरचं आयुष्य दहा वर्षं लिहिलेलं असतं. कोकण किनाऱ्यावर कायम ठेवलेल्या बोटीसाठी आम्ही सात-आठ वर्षांनी खालची टोकं बदलायच्या तयारीत राहायला सांगू. वरची टोकं पालथी असतात, पाणी निथळून जातं, म्हणून ती जास्त टिकतात.

दिसतं काय? स्वेजच्या तोंडाशी तपकिरी ओघळ. नळीवर उभी केसाएवढी चीर. नळी केळ्यासारखी वाकलेली, म्हणजे मुळातच दाबताना चुकलेली. आणि सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे तोंडाशी तुटून वर आलेली एक तार. कापडाचा बोळा श्राउडवरून खाली ओढत आणा, तार तुटली असेल तर कापड अडकतं. नुसता हात कधीही फिरवू नका, तुटलेली तार तळहात फाडते. एकोणिसातली एक तार तुटली म्हणजे अठरा उरल्या असा हिशेब चालत नाही. जे कारण एकीला लागू झालं ते शेजारणींनाही लागू झालेलं असतं. ती वायर त्याच दिवशी कामातून काढा.

रॉडचं टोक वेगळं. त्याला थंड अवस्थेतच हायड्रॉलिक प्रेसने दाबून खिळ्याच्या डोक्यासारखा गोल माथा काढतात आणि तो माथा खाचेत बसवतात. पाणी साचायला जागा कमी, त्यामुळे गंजाच्या बाबतीत रॉड उजवा. पण हा माथा आणि त्याच्या खालची मान याच दोन जागी सगळा भार एकवटतो. माथ्यावर किरणांसारख्या बारीक चिरा पडतात, किंवा मानेशी वेढा घालणारी चीर जाते. डोळ्याला हे दिसत नाही, कारण सगळं फिटिंगच्या आत असतं. तुटायला दुसरी तारच नाही, त्यामुळे रॉड तुटतो तो एकदम. वायर बहुतेक वेळा सांगून जाते. रॉडला ती सवय नाही.

रॉडची मान थकते ती वाकण्याने. दोन्ही टोकांना टॉगल (सगळीकडे हलणारा सांधा) नसेल तर रॉड झुलताना मानेशी वाकतो. वाऱ्याकडे पाठ असलेला श्राउड लोंबत राहिला तर तो प्रत्येक लाटेला फटके खातो. नांगरावर उभ्या बोटीतही वाऱ्याने रॉड घुमतो आणि त्या घुमण्याचे हजारो हेलकावे मान सोसते. म्हणून 'आराम द्यावा' म्हणून रॉड सैल सोडून जाऊ नका. स्प्रेडरच्या, म्हणजे श्राउडला डोलकाठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांडीच्या, टोकाशी रॉड कोनात वळत असेल तर तिथे त्याला आधार देणारा वाकवलेला तुकडा किंवा कप असलाच पाहिजे. तीक्ष्ण कडेवर टेकलेल्या रॉडला चरा पडला की चीर तिथूनच चालू होते.

दोन्हींना लागू असणारी एक चूक: टर्नबकल (तार आवळायचा आट्यांचा जोड) आणि टोकं चिकटपट्टीने घट्ट गुंडाळणं. आत ओल कोंडते आणि फटीतला गंज आपण स्वतःच तयार करतो. कॉटर पिनचं टोक कापडाला लागू नये एवढ्यापुरती पट्टी लावा, बाकी उघडं ठेवा.

पुण्यात काय होतं, काय होत नाही

पुण्याजवळ समुद्र नसला तरी कारखाने आहेत, आणि ते या कामात फार उपयोगी पडतात. भोसरी, पिंपरी, चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग तपासण्यासाठी डाय पेनिट्रंट चाचणी, म्हणजे चिरेत रंग मुरवून ती शोधणं, रोजची आहे. कामगार तिला नुसतं 'डीपी' म्हणतात. क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर अशा तीन डब्यांचा संच औद्योगिक माल विकणाऱ्या दुकानात मिळतो. धातूची रचना बंदुकीसारख्या यंत्राने सांगणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. रॉड खरोखर नायट्रॉनिक ५० आहे का, वायर ३१६ आहे का, हे तुकडा देऊन तपासून घेता येतं. लोहचुंबकावर विसंबू नका. थंड ओढलेली ३०४ आणि ३१६ दोन्ही किंचित चिकटू शकतात. ३१६ ची ओळख मॉलिब्डेनमवरून होते, ते प्रयोगशाळेत किंवा मॉलिब्डेनमच्या थेंब-चाचणीत कळतं.

बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात 'एसएस वायर रोप' मागितली तर मिळेल, पण बाल्कनीच्या कठड्याला आणि सामान उचलायला वापरतात ती बहुधा ३०४ ची, ७×७ किंवा ७×१९ वीण असलेली. गॅलरीत ती शोभते. डोलकाठीला लावू नका. तिथून घ्यायचं ते व्हर्नियर, हॅकसॉची बारीक दातांची पाती, स्टेनलेस कॉटर पिना.

आता तो कारखान्याचा दरवाजा. रॉडचा माथा खराब झाला की साहजिक मनात येतं, एवढे फोर्जिंगवाले आहेत, एखादा माथा काढून देईल की. फोर्जिंगवाला रॉड तापवेल, माथा सुरेख काढेल, आणि तापलेल्या भागातली थंड ओढण्याने आलेली ताकद त्या क्षणी निघून जाईल. वरून काहीच कळणार नाही. तसंच रॉडवर थेट आटे पाडणं: आट्याच्या मुळाशी खाच, खाचेपाशी चीर. वेल्डिंग तर नकोच. रॉडचा माथा त्या रॉडच्या आकारासाठी बनवलेल्या साच्यात, थंड प्रेसवर, ज्याचं हेच काम आहे अशा रिगरकडूनच काढून घ्यायचा. मुंबई-गोव्याच्या यार्डात चौकशी करा. तिथे सोय नसेल तर रॉड बाहेर पाठवावा लागतो.

आणि पाठवायचा म्हणजे गुंडाळायचा. रॉडचं वेटोळं त्याच्या जाडीच्या २०० पटींपेक्षा लहान व्यासाचं करायचं नसतं, नाहीतर त्याला कायमचा बाक येतो. -८ साठी हा व्यास १.१४ मीटर होतो. गाडीच्या डिकीत मावत नाही, छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात मावतो. -१७ चं वेटोळं १.६८ मीटरचं, ते टेम्पोतही आडवं बसत नाही. उलट ६ मिमीची वायर गुंडाळून मागच्या सीटवर ठेवून एक्सप्रेस-वेने घरी आणता येते. निवडीत हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. जे सहज नेता येतं तेच वेळेवर तपासलं जातं.

कुणी काय घ्यावं

सहलीची, किनाऱ्यालगत फिरणारी, वायरवर उभी असलेली बोट: वायरच ठेवा. पैसे थोडे जास्त असतील तर वरच्या टोकाला स्वेज आणि खालच्या टोकाला हाताने जोडायचं यांत्रिक टोक (स्टा-लॉक, नॉर्समन, हाय-मॉड या जातीचं) घ्या. खालचं टोक तुम्हाला स्वतः उघडून बघता येईल, आणि पुढच्या वेळी वायर तेवढी बदलून टोक पुन्हा वापरता येईल. आपल्या परिस्थितीत ही जोडी सर्वांत शहाणी आहे, असं आम्ही ठामपणे सांगू.

शर्यतीची बोट, मूळ आराखड्यातच रॉड, डोलकाठी सडपातळ: रॉड ठेवा, पण दर पाच-सहा वर्षांनी प्रत्येक माथा फिटिंगमधून बाहेर काढून डीपी चाचणी करायची तयारी असेल तरच. नुसतं 'रॉड वीस वर्षं टिकतो' या भरवशावर नाही. टिकतो तो मधला भाग.

लांब पल्ल्यावर निघणारी बोट: वायर. अडचणीच्या बंदरात यांत्रिक टोक आणि वायरचा तुकडा यांवर दोन पान्यांनी काम होतं. रॉडच्या माथ्यासाठी प्रेस कुठून आणणार?

जुनी बोट घेतली, डोलकाठी रॉडवर आहे, इतिहास माहीत नाही: सगळे माथे उघडल्याशिवाय शीड चढवू नका. किंमत ठरवताना पूर्ण रिगिंगचा खर्च धरून बोला. अनेक विमा कंपन्याही जुन्या रिगिंगचं वय विचारतात, म्हणून विकणाऱ्याकडून बदलल्याची बिलं मागा.

फोरस्टेवर फर्लर (पुढचं शीड गुंडाळायचं साधन) असेल तर श्राउड रॉडचे असूनही फोरस्टे वायरची ठेवणं आम्हाला पटतं. फर्लरच्या नळीत झाकलेली फोरस्टे आधीच नजरेआड असते, त्यात न सांगता तुटणारी वस्तू कशाला? डायनीमासारख्या दोऱ्यांचं रिगिंगही आता होतं, पण सततच्या ओढीखाली ते हळूहळू लांबतं आणि आपल्या उन्हात आवरणाशिवाय झिजतं. तो पर्याय हलक्या, सतत देखरेखीखालच्या बोटींसाठी.

रॉड काढून वायर घालताना

तुटण्याचा भार जुळला म्हणजे काम झालं, ही नेहमीची चूक. उदाहरण घ्या. -८ रॉड ३,७२० किलोचा. ६ मिमी वायर सुमारे ३,५०० ची, म्हणजे ती आधीच कमी पडते, आणि ताणही जास्त. ७ मिमी घ्या. रॉडवर २० टक्के म्हणजे ७४४ किलो ओढ होती. ७ मिमी वायरला ती १६ टक्के होते, म्हणजे दहा मीटरमागे १६ मिमी ताण. रॉडचे १४ होते. आता बोट जवळजवळ पूर्वीसारखीच वागेल. डोलकाठीवर वजन थोडं वाढलं, ते मान्य करा.

मग फिटिंग. रॉडसाठी बनवलेल्या डोलकाठीवरच्या खाचा आणि स्प्रेडरची टोकं वायर घेत नाहीत, ती बदलावी लागतात. ७ मिमी वायरच्या टोकाची पिन बहुधा १२.७ मिमीची असते. चेनप्लेटचं, म्हणजे श्राउड बोटीला जिथे अडकतो त्या पट्टीचं, भोक मोजा. भोक पिनेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मोठं असेल तर पिन एका रेषेवर टेकते आणि भोक लंबगोल होत जातं. भोक लहान असेल तर मोठं करण्याआधी चेनप्लेटच्या कडेला किती धातू उरतो ते बघा. चेनप्लेट डेकमधून जिथे खाली जाते तो लपलेला भागही याच वेळी उघडा. तिथेही पाणी साचतं आणि तिथेही तोच गंज. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेस फिटिंग बसवताना मध्ये ड्युरालॅकसारखं लेपण हवं, नाहीतर अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊ लागते.

उलट दिशेने, वायर काढून रॉड घालायचा विचार असेल, तर शर्यत हे एकच सबळ कारण आम्हाला दिसतं.

यांत्रिक टोक जोडणं

जुनी तार उतरवण्याआधी पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत लांबी मोजा आणि टर्नबकल किती उघडा होता ते लिहून ठेवा. नव्या वायरची लांबी काढताना टर्नबकल अर्धा उघडा धरा. नवी वायर सुरुवातीला थोडी बसते, ती ओढून घ्यायला आटे शिल्लक हवेत.

कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून बारीक दातांच्या हॅकसॉने काटकोनात कापा. टोकाची टोपी आधी वायरवर चढवा. ही विसरली की सगळं पुन्हा. बाहेरच्या बारा तारा अलगद उलगडा, आतला सात तारांचा गाभा तसाच पिळलेला ठेवा. गाभ्यावर शंकू सरकवा, गाभा शंकूच्या बाहेर दोन-तीन मिमी दिसू द्या. नेमका आकडा त्या कंपनीच्या पत्रकातला घ्या. बारा तारा शंकूभोवती समान अंतरावर पुन्हा पिळून बसवा. शंकूला उभी फट असते. तिच्यात एकही तार जाता कामा नये, गेली तर शंकू नीट आवळत नाही आणि भाराखाली तार निसटते. टोपी वर ओढा, दुसरा भाग फिरवून आवळा. मग पुन्हा उघडा आणि बघा: बाराही तारा आत सारख्या वळलेल्या दिसल्या तरच पुढे जा. पोकळीत पॉलियुरेथेन सीलंट भरा, म्हणजे पाण्याला जागाच उरत नाही. आट्यांना थ्रेड-लॉकचा (आटे सुटू न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावून शेवटचं आवळा.

स्टेनलेसचे आटे कोरडे आणि भराभर फिरवले तर एकमेकांना चिकटून जाम होतात, मग कापण्यावाचून गत नाही. सावकाश फिरवा. टर्नबकलच्या आट्यांना ग्रीस किंवा टेफ-जेल लावा. टोक पुन्हा कधी उघडलं तर शंकू नवा घाला.

रॉडच्या माथ्याची डीपी चाचणी

डोलकाठी आडवी असताना, सावलीत करा.

१. माथा फिटिंगमधून बाहेर काढा. अॅसिटोनने ग्रीस आणि मीठ काढा. तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका, चिरेचं तोंड धातू सरकून बंद होतं.

२. पूर्ण वाळल्यावर माथा आणि मानेवर लाल पेनिट्रंट फवारा. १० ते १५ मिनिटं थांबा.

३. क्लीनर कापडावर घेऊन लाल रंग पुसा. क्लीनर थेट माथ्यावर मारला तर चिरेतलाही रंग धुऊन जातो.

४. डेव्हलपरचा पातळ पांढरा थर द्या. दहा मिनिटांत लाल रेघ उमटली तर चीर आहे. पसरट फिकट डाग म्हणजे पुसणं कमी पडलं, पुन्हा करा.

चीर दिसली तर तो माथा कापून रॉडवर नवा काढावा लागतो. त्यात रॉड थोडा आखूड होतो. तेवढी लांबी टर्नबकलमध्ये शिल्लक आहे का हे माथा कापायच्या आधी मोजा.

ओढ किती द्यायची

ओढ मोजायचं गेज नसेल तरी चालतं. वारा नसताना, दोन मीटरची अॅल्युमिनियम पट्टी श्राउडला समांतर धरून तिचं वरचं टोक चिकटपट्टीने श्राउडला बांधा. खालचं टोक मोकळं. श्राउड हाताने आवळून नुसता सरळ झालेला असावा. पट्टीच्या खालच्या टोकाशी श्राउडवर खूण करा आणि टर्नबकल आवळत जा. खूण आणि पट्टीतलं अंतर व्हर्नियरने मोजा: वायरवर १ मिमी म्हणजे ५ टक्के, रॉडवर ०.७ मिमी म्हणजे ५ टक्के. वरच्या श्राउडला १५ टक्के हवे असतील तर वायरवर ३ मिमी, रॉडवर २.१ मिमी. वायरचा आकडा रॉडवर लावला तर २१ टक्क्यांच्या वर जाल, आणि ही चूक बऱ्याचदा होते. वायरसाठीचं ओढीचं गेजही रॉडवर खोटं वाचतं, रॉडचं गेज वेगळं असतं.

दोन्ही बाजू आलटून पालटून, एकेक फेरा. दर काही फेऱ्यांनी डोलकाठीच्या मागच्या खाचेतून वर बघा, ती सरळ रेषेत दिसली पाहिजे. मागे झुकलेले स्प्रेडर असलेल्या बोटींना वरच्या श्राउडला २० टक्क्यांपर्यंत लागू शकतं. खालच्यांना कमी. शेवटची परीक्षा पाण्यात: बोट २० अंश कलली असताना वाऱ्याआडचा श्राउड लोंबू नये. झाल्यावर कॉटर पिना घाला आणि त्यांची टोकं थोडीच फाकवा. गुंडाळून ठेवलेली पिन गरजेच्या वेळी निघत नाही.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात बोट वर काढताना डोलकाठी उतरवणार असाल तर रॉड लोंबू देऊ नका. डोलकाठीच्या अंगाने सरळ ठेवून दर मीटरला मऊ दोरीने बांधा, तीन-चार घोड्यांवर आडवं ठेवा, स्प्रेडर काढून घ्या. क्रेनने उचलताना झुलणारा रॉड मानेशी वाकला की त्याचं आयुष्य तिथे संपलं, मग वरून तो कितीही नवा दिसो. वायर उतरवून गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मोठी वेटोळी करून हवेशीर ठेवा. ओल्या चटईत किंवा प्लॅस्टिकमध्ये बांधून नको. डोलकाठी उभीच ठेवली तर खालच्या टोकांवर महिन्यातून एकदा बादलीभर गोडं पाणी ओतायला यार्डातल्या माणसाला सांगून ठेवा.

समुद्रावर निघताना सर्वांत लांब स्टेएवढा वायरचा तुकडा, दोन यांत्रिक टोकं, नवे शंकू आणि चार यू-क्लॅम्प बोटीत असू द्या. बोट रॉडची असेल तर १० ते १२ मिमीचा डायनीमा आणि रॉडच्या फिटिंगला बसतील अशा शॅकल बरोबर घ्या, आणि त्या बसतात का हे बंदरातच लावून बघा. तोडण्याचं साहित्यही हवं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' ही शिडाची बोट वादळात कोलांटली आणि डोलकाठी मोडली. अशा वेळी रिगिंग कुठलंही असो, मोडकी डोलकाठी बोटीचं अंग फोडण्याआधी ती मोकळी करावी लागते. वायरला चांगला बोल्ट-कटर पुरतो. जाड रॉडला तो पुरत नाही. तिथे हातोडा आणि पिन ठोकायचा सुंबा जवळ ठेवा, पिना ठोकून काढणं लवकर होतं. हॅकसॉची दहा-बारा पाती त्याच पेटीत, तेल लावून, कोरड्या पिशवीत.